जिप्सीचा नकल मजबूत करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिप्सी किंग, दोन इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन तेवढं उंच केलेलं), २३५/७५ आर १५ चे टायर, चारही चाकांना ३० मिमीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या), शिवाय बाहेरून बसवलेलं पॉवर स्टिअरिंग. सरळ डांबरी रस्त्यावर साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. उजव्या नकलच्या, म्हणजे पुढचं चाक धरून स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाच्या, मागून काळपट, पातळ तेल गळतं. वेल्डिंगवाला म्हणतोय की नकलला आणि त्याच्या हाताला (टाय रॉड जोडतात तो भाग) ८ मिमीची पट्टी मारून देतो, मग परत बघायला नको. पावसाळ्यात घाटाखालच्या चिखलात आणि अधूनमधून कोकणातल्या वाळूवर गाडी चालते. पट्टी मारावी का?

मारू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात नकल कमजोर असल्याचा एकही पुरावा नाही. थरथर आणि गळती ही दोन्ही लक्षणं नकलला धरून ठेवणाऱ्या भागांची आहेत: किंगपिन (नकल ज्यांवर वळतो त्या वरच्या-खालच्या पिना), त्यांची बेअरिंगं, शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या), सील आणि टाय रॉडची (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या आडव्या दांड्याची) टोकं. जिप्सीचा नकल ओतीवाच्या अंगातून मोडला असं क्वचितच दिसतं. किंगपिनचे बोल्ट सैल, बेअरिंगच्या कपात (बाहेरच्या कड्यात) खड्डे आणि आत पाणी हे मात्र वर्षानुवर्षं न उघडलेल्या गाडीत हमखास सापडतं. या सांध्यांत प्ले (ढिलेपणा) असताना नकलवर कितीही लोखंड चढवलं तरी धक्का आहे तसाच बसणार, आणि तो सैल भागात आपटून जास्त जोराने बसणार.

किती मजबुती लागेल हे मात्र वापरावर ठरतं. घाटरस्ता, कच्चा रस्ता आणि चिखल एवढंच असेल तर मूळ नकल नीट बांधलेला पुरतो. पुढच्या डिफरन्शिअलमध्ये लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) असेल, गाडी वेगात उडवली जात असेल किंवा दगडांत चाक अडकवून पॉवर स्टिअरिंगने ओढलं जात असेल तर हिशोब बदलतो. म्हणून आधी जोर कुठून येतो ते पाहू.

मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिमी, तुमच्या टायरचा सुमारे ७३४. म्हणजे त्रिज्या ३३४ वरून ३६७, साधारण १० टक्के वाढ. समजा चाक घसरत जाऊन बाजूने दगडावर आपटलं आणि टायरच्या तळाशी ४०० किलोचा आडवा जोर आला. किंगपिनच्या वरच्या-खालच्या बेअरिंगमधलं अंतर १२ सेंमी धरलं, तर मूळ टायरवर प्रत्येक बेअरिंगवर साधारण १,१०० किलो येतात आणि नव्यावर साधारण १,२२०. वाढ आहे, पण त्यामुळे नकल मोडेल इतकी नाही. स्पेसरचं दुखणं वेगळं आहे. ३० मिमीच्या स्पेसरने टायरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून तेवढाच आणखी बाहेर जातो. चाकाला पुढून ३०० किलोचा अडथळा आला तर या ३० मिमीमुळे ९ किलो-मीटरचं जादा आवर्तन तयार होतं. नकलचा हात १५ सेंमीचा धरला तर टाय रॉडवर ६० किलो जादा, आणि तेही प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक दगडावर. तुमची थरथर वाढवण्यात या स्पेसरचा हात नक्की आहे. टायर स्प्रिंगच्या पाट्यांना किंवा चॅसीला घासत नसेल तर पुढचे स्पेसर काढूनच टाका. घासत असेल तर आधी लॉक स्टॉपर बोल्ट (चाक किती वळेल ते मर्यादित करणारे) लावून बघा. त्याने वळणाची त्रिज्या थोडी वाढते, पण नकलवरचा ताण वाढत नाही.

आता निदान. याला पाने कमी आणि एक मदतनीस लागतो. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. टायर वर आणि खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) नकलला जखडला जातो. म्हणून ब्रेकसकट प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनचा, किंवा नकलवर बोल्टांनी बसणाऱ्या, हबला आतून धरणाऱ्या पोकळ स्टब अ‍ॅक्सलचा. कुठला ते पाहायला बॅटरी घेऊन नकल आणि अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोळ्यामधल्या फटीकडे बघा. फट उघडमिट होत असेल तर किंगपिन. मग टायर डावीकडून-उजवीकडून धरून हलवा आणि टाय रॉडच्या टोकांवर बोट ठेवा; सांध्यातला प्ले डोळ्याआधी बोटाला कळतो. शेवटी टाय रॉड सोडवून नकल हाताने एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखा अडकत असेल तर कपात रोलरचे ठसे उमटलेत. नकल पूर्ण फेरा कधीच घेत नाही, त्यामुळे रोलर त्याच जागी मार खात राहतात आणि सरळ चालतानाच्या जागेवर खड्डे पडतात. अशा बेअरिंगला शिम काढून कितीही आवळलं तरी मध्यावर सैल आणि कडेला जड असंच राहणार. ती बदलावीच लागतात, कपासकट.

गळणारं काळं तेल म्हणजे डिफरन्शिअलचं गिअर ऑइल. अ‍ॅक्सल ट्यूबच्या तोंडाचं आतलं सील गेलं की ते नकलमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि गोळ्यावरच्या सीलमधून बाहेर येतं. नुसतं सील बदलण्याआधी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं छिद्र) बघा. तो चिखलाने बंद असेल तर गरम झालेल्या अ‍ॅक्सलमधला दाब नव्या सीललाही ढकलणार. उलट, गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधूनच पाणी आत खेचलं जातं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच न्या. स्वस्तातलं काम आहे, आणि तुमच्यासारख्या वापरात नकलचं आयुष्य यानेच सगळ्यात जास्त वाढतं असं माझं ठाम मत आहे.

ओव्हरहॉलिंगचा क्रम असा. चाक, कॅलिपर, हब आणि स्टब अ‍ॅक्सल काढा. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. शाफ्ट बाहेर ओढा. टाय रॉडचं टोक पुलरने काढा. नकलच्या हातावर हातोडा मारून टेपर (सांध्याचा निमुळता दांडा) सोडवायची सवय वाईट, कारण त्याने भोक लांबट होतं. गोळ्यामागची सीलची पट्टी, फेल्ट आणि रबर काढा. मग किंगपिनचे बोल्ट. इथे वरची आणि खालची पिन, डावी आणि उजवी बाजू, आणि प्रत्येकाखालच्या शिम वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी लावून ठेवा. शिममुळे दोन गोष्टी ठरतात: बेअरिंगवरचा ताण, आणि नकलची गोळ्याच्या तुलनेतली उंची. उंची चुकली की शाफ्ट स्टब अ‍ॅक्सलच्या मध्यावर राहत नाही आणि सील एका बाजूने झिजतं. म्हणून शिम काढताना वर-खालचा फरक जपा, बेरीज बदला.

कप अ‍ॅक्सलच्या गोळ्यात बसतात. जुने काढल्यावर त्यांची बैठक नखाने आणि प्रकाशात तपासा. कप आत फिरलेला असेल तर बैठक चमकते आणि नवा कप हाताने सरकतो. अशा वेळी पंचने टिंब मारून कप घट्ट करणं चालणार नाही. तो काही दिवसांत परत फिरतो. थोडा सैल असेल तर रिटेनिंग कंपाउंडने (भाग चिकटवून धरणाऱ्या द्रवाने) भागतं, जास्त असेल तर गोळा बोअर करून स्लीव्ह, किंवा चांगला दुसरा अ‍ॅक्सल. नवा कप जुन्या कपाच्या आधाराने किंवा प्रेसने सरळ बसवा. बेअरिंगं नामांकित कंपनीचीच, जुन्याच्या कडेवर कोरलेला नंबर बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप. सील न लावता, टाय रॉड न जोडता, शाफ्ट न घालता दोन्ही पिना शिमसकट बसवा आणि बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटरला, आलटूनपालटून समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळा. नकल दोन-चार वेळा डावीकडे-उजवीकडे फिरवून रोलर बसू द्या. मग टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवा, हाताशी काटकोनात ओढा, आणि नकल हलायला लागतो त्या क्षणीचा आकडा वाचा. तो १ ते १.८ किलोच्या दरम्यान हवा. कमी आला तर शिम कमी करा, जास्त आला तर वाढवा. थरथर मोडायची म्हणून बरेच मिस्त्री सगळ्या शिम काढून ३-४ किलोपर्यंत आवळतात. महिनाभर गाडी शांत चालते, पण स्टिअरिंग वळणानंतर आपणहून परत येत नाही आणि त्याच ताणाने कपात नवे ठसे उमटतात. नवी बेअरिंगं थोडी बसतात, म्हणून नवीन असताना वरच्या मर्यादेजवळ, १.६ ते १.८ ला ठेवलेलं बरं.

ग्रीस: किंगपिनच्या बेअरिंगांना लिथियमचं ईपी-२, आतल्या सीव्ही जॉइंटला (चाक वळलेलं असतानाही ते फिरवत ठेवणाऱ्या सांध्याला) मॉलिब्डेनमचं. नकल ठासून भरू नका. गोळ्याच्या बाहेरचा पृष्ठभाग गंजून खरबरीत झाला असेल तर नवं सील त्यावर काही दिवसांत फाटतं. बारीक पॉलिश पेपरने गोलाईच्या दिशेने घासून गुळगुळीत करा, मगच सील. कोकणातून आल्यावर गोळ्यावर मीठ राहतं. गोड्या पाण्याने धुऊन बोटभर ग्रीसचा थर द्या.

आता खऱ्या अर्थाने मजबुती. पहिला कमकुवत भाग किंगपिनचे बोल्ट. आडवा जोर बोल्टाने कापून घ्यायचा नसतो. तो पिनचा खांदा नकलच्या भोकात घट्ट बसून घेतो आणि बोल्ट फक्त आवळून धरतात. भोक लांबट झालं की जोर बोल्टावर येतो, बोल्ट सैल होतो, भोक आणखी लांबट होतं. म्हणून पिन भोकात डगमगते का ते आधी बघा. डगमगत असेल तर १०.९ ग्रेडचा बोल्ट टाकून काही साधत नाही. लेथवर भोक गोल करून बुश किंवा नवा नकल. भोक ठीक असेल आणि आटे थकले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी), किंवा बोल्टाऐवजी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली सळई). स्टडचा फायदा असा की ओतीवातले आटे प्रत्येक वेळी खोलताना-बसवताना घासले जात नाहीत. आट्यांची पकड बोल्टाच्या व्यासाच्या किमान दीडपट हवी, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टाला १२ मिमी. आटे ग्रीस-तेलापासून पुसून कोरडे करा आणि मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावा. उंच ग्रेडचा बोल्ट टाकला म्हणून टॉर्क वाढवायचा मोह नको, कारण खालचे आटे ओतीवातलेच आहेत.

ज्यांना टाय रॉड वर घ्यायचा असतो त्यांच्यासाठी एक इशारा. टोयोटा लँड क्रूझरच्या जुन्या, आख्ख्या अ‍ॅक्सलच्या मॉडेलांत स्टिअरिंगचा हात नकलवर स्टड आणि कोनाच्या वॉशरांनी बसवलेला असतो. टाय रॉड वरच्या हातांवर नेला की सगळा जोर त्या चार स्टडवर जातो आणि ते सैल होतात. तिथले लोक ते सतत तपासत राहतात. जिप्सीत हात नकलसोबत एकसंध आहे, ही जमेची बाजू. बाहेरचं ब्रॅकेट बोल्टांनी लावून तुम्ही तोच कमकुवत सांधा स्वतःहून तयार कराल. दोन इंचांच्या लिफ्टला त्याची गरज नाही.

टाय रॉडबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. भक्कम, जाड भिंतीचा टाय रॉड टाकणं म्हणजे पुढचा धक्का नकलच्या हाताकडे पाठवणं. वाकलेला टाय रॉड रानात दगडावर सरळ करून घरी येता येतं. तुटलेल्या हाताने येता येत नाही. मूळ रॉड वारंवार वाकत असेल तरच थोडा जाड घ्या, आणि तोही किंगपिनचं काम झाल्यावर. नवं टोक बसवताना टेपरवर निळ्या शाईचा पातळ थर लावून एकदा बसवा, काढा आणि ठसा बघा. तीन चतुर्थांशाहून जास्त भाग लागलेला दिसायला हवा. फक्त वरची किंवा खालची कड लागत असेल तर तो सांधा नट कितीही आवळला तरी हलत राहील. पॉवर स्टिअरिंग आहे म्हणून स्टॉपर बोल्ट दोन्ही बाजूंना नीट लावणं आणखी गरजेचं. चाक स्टॉपरला टेकायच्या आत सीव्ही जॉइंट आतून अडकत असेल तर जॉइंटचा कप फुटतो आणि तुकडे नकलला आतून ठोकतात.

आता वेल्डिंगवाल्याची पट्टी. नकल ओतीव असो वा घडीव, दोन्हींत ती धोक्याची. एसजी आयर्नमध्ये (ओतीव लोखंडाचा एक प्रकार, यालाच डक्टाइल आयर्न म्हणतात) ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं आणि त्यामुळेच ते तुटण्याआधी वाकतं. वेल्डच्या उष्णतेने जवळचा कार्बन विरघळतो आणि झटकन थंड होताना काचेसारखा कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो. चीर त्या पट्ट्यातच सुरू होते, आणि वरच्या पट्टीखाली झाकलेली असल्याने दिसत नाही. आधी २००-३०० अंश सेल्सिअसला तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून, राखेत हळू थंड करून ओतीव दुरुस्त होतं हे खरं; पंपाच्या बॉडीला ते चालतं, स्टिअरिंगच्या भागाला नाही. घडीव मध्यम कार्बनच्या पोलादालाही तेच लागू. हात गॅसने लाल करून वाकवणं तर अजिबात नको.

त्यापेक्षा नकल तपासा. डाय पेनिट्रंटचे (चिरा दाखवणाऱ्या रंगाचे) तीन डबे मिळतात. रंग खरवडून काढा, क्लीनरने पुसा, लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कापडाने पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. हाताच्या मुळाशी, किंगपिनच्या भोकांच्या कडेला, कॅलिपरच्या कानांपाशी आणि स्टब अ‍ॅक्सलच्या खांद्याच्या गोलाईत नीट बघा. बारीक लाल रेघ उमटली तर तो भाग भंगारात. रेघ नसेल तर हाताच्या कडांवरचे ओतीवाचे काटे, खाचा आणि पान्याच्या जखमा बारीक फाइलने हाताच्या लांबीच्या दिशेने गुळगुळीत करा. चीर खाचेतूनच सुरू होते, म्हणून या अर्ध्या तासाच्या कामाने पट्टीपेक्षा जास्त मजबुती येते.

नवीन जाड नकल ओतून घ्यायचा विचार कोणी मांडला तर कोल्हापुरात, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत एसजी आयर्नचं दर्जेदार काम होतं. पण ग्रेड विचारपूर्वक निवडा. एसजी ६००/३ मध्ये पहिला आकडा ताकदीचा आणि दुसरा तुटण्याआधी किती टक्के ताणतं त्याचा. ६०० वाचून लोक खूश होतात. ३ टक्क्यांचा नकल दगडावर वाकणार नाही, सरळ तुटेल. ४००/१५ सारखी ताणणारी ग्रेड घेऊन भिंत जाड करणं योग्य. अमेरिकेत रीड रेसिंगसारखे कारखाने डाना कंपनीच्या अ‍ॅक्सलचे भक्कम नकल डक्टाइल आयर्नमध्येच ओततात. त्याच ओतीबरोबरच्या टेस्ट बारचा अहवाल हातात आल्याशिवाय असा नकल गाडीला लावू नका. एका गाडीपुरता हा खर्च परवडत नाही.

वेल्डिंग करायचंच असेल तर जागा अ‍ॅक्सल ट्यूब आहे. ट्यूब आणि गोळा यांच्या जोडापाशी अ‍ॅक्सल वाकतो आणि त्याचा आळ नकलवर येतो. दोन्ही चाकांचा कॅम्बर (माथ्याचा आत-बाहेर झुकाव) मोजा. एका बाजूचा वेगळा असेल तर तिथे वाकलंय. आधी सरळ करा, मग ६ मिमीच्या त्रिकोणी गसेट (आधाराच्या पट्ट्या). गोळ्याच्या ज्या भागावर सील फिरतं तिथे वेल्डचा थेंबही जाता कामा नये, म्हणून नकल जागेवर असताना दोन्ही लॉकला फिरवून सीमा आखून घ्या. मग सील आणि बेअरिंगं काढून, ३० मिमीचे छोटे टाके, एक वर, एक खाली, मधे थंड होऊ देत. फक्त वरून सलग वेल्ड मारला तर आकसणारा वेल्ड ट्यूबचं टोक वर खेचतो आणि चाकाचा माथा आत झुकतो.

सगळं जोडल्यावर टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा मागच्यांपेक्षा किती जवळ आहेत ते) २ ते ६ मिमीत आणा आणि कॅस्टर (किंगपिनच्या रेषेचा मागे झुकाव) मोजा. लिफ्टमुळे तो मूळच्या साडेतीन अंशांवरून फार खाली आला असेल तर नवी बेअरिंगं असूनही थरथर पुन्हा येईल. पाट्यांखाली टेपर शिम घालून तो परत आणा. स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक) सगळ्यात शेवटी, कारण तो दोष झाकतो. मोठे टायर, लिफ्ट आणि बाहेरून बसवलेलं पॉवर स्टिअरिंग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतं, तेव्हा आरटीओ आणि विम्याची बाजू आधी बघून ठेवा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर किंगपिन आणि स्टब अ‍ॅक्सलचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, नंतर ५०० ला, आणि हबपर्यंत पाण्यात गेलात तर त्याच आठवड्यात नकलमधलं ग्रीस काढून बघा. ते दुधट दिसलं तर उघडा. सध्या मला तुमच्या गाडीचे चार आकडे हवेत: दोन्ही बाजूंचा स्प्रिंग काट्याचा आकडा, दोन्ही पिनांखालच्या शिमची जाडी, दोन्ही चाकांचा कॅम्बर आणि कॅस्टर. ते कळवलेत की बेअरिंगांवर भागेल की अ‍ॅक्सल सरळ करावा लागेल ते सांगता येईल. तोपर्यंत पुढचे स्पेसर काढा आणि गाडी साठच्या आत चालवा.